नाउरूचं राष्ट्राध्यक्षपद अभ्यासायला घेताना

राज्यशास्त्रात एम.ए. करताना प्रबंधासाठी मी प्रशांत महासागरातला नाउरू हा देश घेतला. विषय छोटा म्हणजे काम कमी, असा हिशेब करून कुणी याकडे वळत असेल तर आधीच सांगतो, तसं होत नाही. २१ चौरस किलोमीटरचं बेट, सुमारे १२ हजार वस्ती, अधिकृत राजधानी नाही, पक्ष नावापुरते. पक्ष नसले की पाठ्यपुस्तकातली निम्मी हत्यारं निकामी होतात.

पहिलं काम, अमेरिकेचा साचा डोक्यातून काढा. इथे राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडत नाही. खासदार आपल्यातल्याच एकाला निवडतात आणि तोच राष्ट्रप्रमुख, तोच सरकारप्रमुख. आपल्याकडे मोठ्या ग्रामपंचायतीत १७ सदस्य असतात, नाउरूच्या संसदेत १९. २०१३ पर्यंत तर १८च होते. सदस्यांनी निवडलेल्या सरपंचाची खुर्ची कशी हलते हे गावात पाहिलं असेल, तर अर्धा विषय कळलाच म्हणून समजा.

राज्यघटना पॅसिफिक आयलंड्स लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. कलम १६ आणि २४ पेन्सिल घेऊन वाचा. कलम २४ प्रमाणे एकूण सदस्यांपैकी किमान निम्म्यांनी अविश्वास ठरावाला पाठिंबा दिला की सरकार गेलं. सात दिवसांत नवा राष्ट्राध्यक्ष निवडला नाही तर संसदच विसर्जित. आता आकडे मांडून बघा. १८ च्या सभागृहात नऊ मतं पुरत होती, १९ मध्ये दहा लागतात. एका जागेने काय फरक पडतो हे इथे दिसतं.

राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. १९६८ साली स्वातंत्र्य मिळाल्यावर हॅमर डीरोबर्ट पहिले. १९९९ ते २००३ मध्ये रेने हॅरिस आणि बर्नार्ड डोवियोगो यांची आलटूनपालटून सत्ता. २०११ मध्ये फ्रेडी पिचर जेमतेम आठवडाभर. एवढे टप्पे पुरतात. त्यापेक्षा २०१० घ्या आणि तिथेच मुक्काम ठोका. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कस स्टीफन (हे मूळचे वेटलिफ्टर, राष्ट्रकुल सुवर्णपदकविजेते) यांचे नऊ आणि विरोधक नऊ. एप्रिलमध्ये निवडणूक झाली, सगळे अठराच्या अठरा परत निवडून आले. जूनमध्ये पुन्हा मतदान, तरी कोंडी कायम. पेच सभापतीचा: ज्याने आपला माणूस त्या खुर्चीत बसवला, त्याचं एक मत कमी. शेवटी माजी राष्ट्राध्यक्ष लुडविग स्कॉटी यांनी नोव्हेंबरमध्ये ते पद घेतलं आणि स्टीफन पुन्हा निवडून आले. मधल्या काळात देश आणीबाणीवर चालला.

खासदारांच्या निवडणुकीतली मतमोजणीची डाउडॉल पद्धत मात्र वाचून कळत नाही, हाताने करावी लागते. मतदाराने सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश. समजा १०० मतदार, चार उमेदवार. एकजण सगळ्यांची दुसरी पसंती, त्याचे ५० गुण. दुसरा ३० जणांची पहिली आणि ७० जणांची शेवटची पसंती, त्याचे ४७.५. कट्टर समर्थकांपेक्षा शत्रू नसणं इथे कामाला येतं. पक्ष का रुजले नाहीत, याचं एक कारण मी यातच शोधतो. माझ्या मार्गदर्शकांना ते फारसं पटलं नव्हतं.

पैशाची बाजू सोडू नका. फॉस्फेट या खतासाठी लागणाऱ्या खनिजाच्या जोरावर नाउरूने १९७७ मध्ये मेलबर्नला ५२ मजली नाउरू हाउस उभारलं, २००४ मध्ये ते विकावं लागलं. खाण आटली तशी खुर्चीवरची ओढाताण वाढली, हा धागा तारखांशी ताडून पाहा.

तोंडी परीक्षेत "भारताचा काय संबंध?" हे विचारतातच. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू यांनी मिळून स्थापन केली, हे सांगा. आणि "आज नाउरूचं महत्त्व काय?" असं पुढे आलं तर जानेवारी २०२४ काढा: डेव्हिड अडियांग राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर तीन महिन्यांत नाउरूने तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांत मतदानाच्या वेळी या देशालाही एकच मत आणि भारतालाही एकच.