रंगीत अंड्यांसाठी कोंबड्या निवडताना (नाशिकच्या परसातून)

घरामागं थोडी जागा असली की एकदा तरी डोक्यात येतंच, चार-सहा कोंबड्या पाळाव्या, दिसायला पण भारी आणि टोपलीत अंडी पण वेगवेगळ्या रंगाची. मी मखमलाबादला राहतो, सहा वर्षं झाली हा नाद लागून, आणि यातलं निम्मं पैसे घालवून शिकलोय म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढा की पिसांचा रंग म्हणजे अंड्याचा रंग. माझ्याकडं कडकनाथ बघायला येणारे दहातले आठ जण विचारतात, अंडं पण काळं का हो? नाही बाबा. कडकनाथ हाडामासापर्यंत काळा असतो पण अंडं फिकट बदामी, क्रीमसारखं. पिसांपेक्षा कानाची पाळी बघितलेली बरी. पांढरी पाळी असली तर बहुतेक वेळा अंडं पांढरं आणि लाल असली तर तपकिरी. पांढरी अंडी देणारी लेगहॉर्न आणि तपकिरी अंड्याची आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) शेजारी शेजारी धरून बघा, लगेच कळेल. पण हा नुसता अंदाज, कडकनाथची पाळीच काळपट असते तिथं हे चालत नाही.

रंग बसतो कसा ते कळलं की पुढचं सोपं जातं. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास कवचालाच जातात आणि तपकिरी रंग अगदी शेवटी वरून चढतो. म्हणून तपकिरी अंडं फोडून टरफलाची आतली बाजू बघा, पांढरीच दिसेल. निळ्याचं तसं नाही, निळा रंग कवचात आरपार असतो. आणि निळ्या कवचावर तपकिरीचा हात फिरला की हिरवं अंडं. म्हणजे रंग मुळात दोनच, बाकी सगळी मिसळ. ते व्हिनेगरनं पुसलं आणि रंग गेला म्हणजे चहाच्या पाण्यात रंगवलेलं नकली गावरान, असं म्हणतात ना, त्यावर फार जाऊ नका, खरा तपकिरी रंग पण वरच्याच थरात असतो त्यामुळं व्हिनेगरनं तो पण निघतो.

आता निळ्याची गोष्ट. निळं अंडं देणारी आरोकाना मूळची चिलीकडची. मी फोटो बघून हुरळून गेलो आणि एकाकडून "प्युअर" म्हणून चार पिल्लं घेतली, साध्या पिल्लाच्या दसपट पैसे देऊन. दोन कोंबडे निघाले. राहिलेल्या दोघींची सहा महिने बडदास्त ठेवली, रोज सकाळी बायको विचारायची निळं आलं का, आणि एक दिवस आलं, चहात दूध जरा जास्त पडावं तसल्या रंगाचं! त्या माणसाला फोन केला तर म्हणे खाद्य बदला, रंग येईल. खाद्यानं कवचाचा रंग बदलत नाही, तो रक्तातच लागतो. निळ्याचा गुण आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो, पण ज्याच्याकडून यायचा त्याच्यात तो असायला तर हवा. त्यामुळं ज्या कोंबडीची पिल्लं घेताय तिचं अंडं आपल्या डोळ्यांनी बघा. मोबाईलवरचा फोटो धरू नका.

मग नाशिकला काय ठेवायचं? मी सहाचा हिशोब सांगतो. दोन आरआयआर किंवा ग्रामप्रिया, रोजच्या तपकिरी अंड्याची गाडी याच ओढतात. एक ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प मिळाली तर सोडू नका, सकाळच्या उन्हात तिच्या काळ्या पिसांवर जी हिरवी झाक येते ती बघत चहा गार होतो माझा, आणि अंडी फिकट तपकिरी, भरपूर. या जातीच्या एका कोंबडीनं ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिल्याची नोंद आहे, आपल्याकडं तेवढी आशा नको. एक लेगहॉर्न पांढऱ्यासाठी, फक्त ती उडते, आमची शेजारच्यांच्या गच्चीवर सापडली होती, एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापली तेव्हा शांत झाली. आणि दोन कडकनाथ. कडकनाथ घेताना पाय मोजा, म्हणजे बोटं. चार पाहिजेत. पाच दिसली तर सिल्की नावाच्या दुसऱ्या जातीचा क्रॉस असू शकतो, कारण सिल्कीची कातडी पण काळी असते आणि तिला बोटं पाच.

असील रुबाबदार, मान्य, पण अंडी फार कमी आणि भांडखोर, बाकीच्यांना टोचून रक्त काढते. ब्रह्मा, कोचीन फोटोत झकास दिसतात पण त्यांच्या पायावर पिसं, आपल्याकडं जुलैत अंगणाचा चिखल झाला की त्या पिसांना गोळे लटकतात, आणि एप्रिलच्या उन्हात एवढा जड पक्षी धापा टाकत बसतो. पोलिश कॅपला डोक्यावरच्या झुपक्यामुळं वरचं धड दिसत नाही, घार आणि मुंगसाला आयतीच. सिल्की गोड आहे पण सारखी खुडूक बसते, उबवायला मात्र तिच्यासारखी नाही.

एक दिवसाची पिल्लं घेऊ नका, निम्मे कोंबडे निघतात आणि कॉलनीत पहाटे चारला बांग म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं. अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही. अडीच-तीन महिन्यांच्या तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरण्या माद्या) घ्या, सगळ्या एकाच वयाच्या, आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली का ते विचारूनच घ्या. नसेल तर जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करा.

अंडी सुरू झाल्यावर रंग रोज सारखा राहत नाही, घाबरू नका. पहिली गडद असतात, जसजसे महिने जातात तसा तपकिरी फिका पडतो, कडक ऊन किंवा आजारपणात पण. डिसेंबरात दिवस लहान झाला की अंडीच कमी होतात, थंडीला उगाच शिव्या घालू नका, उजेड कमी पडतो तो.

बलकाचा रंग मात्र खाद्यानं बदलतो, तिथं हौस भागवून घ्या. पिवळा मका, लसूणघास, आणि दसऱ्यानंतर दारावरचे झेंडूचे हार. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी हार खाली उतरवून पाकळ्या सुट्या करून टाकतो, आठ-दहा दिवसांत बलक केशरी व्हायला लागतो. फक्त बाजारातला फवारलेला झेंडू टाकू नका, घरच्या झाडाचाच, आणि शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारणीच्या दिवसांत कोंबड्या तिकडं सोडू नका.