ओपनएसएसएलच्या व्हल्नरेबिलिटी ट्रॅक करताय? या चुका टाळा

ओपनएसएसएल म्हणजे सर्व्हरचं कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी. तिची नवी सिक्युरिटी ॲडव्हायझरी, म्हणजे कुठली व्हल्नरेबिलिटी (सुरक्षेतली त्रुटी) सापडली हे सांगणारी सूचना, आली की तासाभरात मला तोच स्क्रीनशॉट येतो. ओपनएसएसएल व्हर्जन ही कमांड मारलेली, खाली एक नंबर, आणि प्रश्न, "सर आपण अफेक्टेड आहोत का?" नुसत्या त्या नंबरावरून याचं उत्तर देताच येत नाही, आणि हे इतक्या जणांना इतक्या वेळा सांगून झालंय की आता एकदा नीट लिहून ठेवतो. (एकाने तर स्वतःच्या मॅकबुकवरचा स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यावर लिबरएसएसएल लिहिलेलं होतं, म्हणजे सॉफ्टवेअरच वेगळं.)

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, व्हर्जन नंबरावर विश्वास ठेवणं.

हार्टब्लीड ही त्रुटी घ्या, सीव्हीई-२०१४-०१६० (सीव्हीई म्हणजे प्रत्येक त्रुटीला दिलेला जाहीर नंबर), ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झाली. टीएलएस या एन्क्रिप्टेड कनेक्शनच्या प्रोटोकॉलमध्ये हार्टबीट म्हणून कनेक्शन जिवंत आहे का ते बघणारा मेसेज असतो, त्यात समोरचा सांगतो की मी इतके बाइट पाठवलेत, तेवढे परत पाठव, आणि सर्व्हर खरंच तेवढे आलेत का हे न तपासताच परत द्यायचा, म्हणजे एका खेपेला ६४ केबीपर्यंत आजूबाजूची मेमरी बाहेर, त्यात पासवर्ड, सेशन, काय वाट्टेल ते. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत सगळी अफेक्टेड, १.०.१जी मध्ये फिक्स, असं ॲडव्हायझरीत होतं. पण सेंटओएस ६.५ या लिनक्सवर पॅकेज होतं १.०.१ई, आणि फिक्स आला तोही १.०.१ई मध्येच, फक्त शेपटीला १६.ईएल६_५.७ लागलं. डेबियन व्हीझीवरही तेच, नंबर १.०.१ई आणि शेवटी डेब७यू५. डिस्ट्रोवाले, म्हणजे अशी लिनक्स बनवून देणारे, नवं व्हर्जन न आणता फक्त तेवढा पॅच जुन्या व्हर्जनवर चढवतात, त्याला बॅकपोर्ट म्हणतात, आणि ते हे मुद्दाम करतात, कारण सर्व्हरवर बाकी काही हलायला नको असतं.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. एका क्लायंटच्या ऑडिटमध्ये स्कॅनरने अपाचे या वेब सर्व्हरचा बॅनर (सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) वाचला, त्यात ओपनएसएसएल १.०.१ई दिसलं, आणि रिपोर्टात लाल अक्षरात व्हल्नरेबल. प्रत्यक्षात पॅच आदल्या दिवशीच लागला होता, रीस्टार्टही झाला होता. क्लायंटकडचा नवा मुलगा, हुशार होता, पण घाई फार, त्याने कुणाला न विचारता १.०.१जी चा सोर्स उतरवला, कंपाइल केला, यूएसआर-लोकलमध्ये (हाताने टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये) टाकला आणि अपाचेही त्याच्यावर नव्याने बिल्ड केला. स्कॅनर हिरवा झाला, मेल गेला, सगळे खूश.

मग ५ जून २०१४ ला सीसीएस इंजेक्शन ही दुसरी त्रुटी आली, सीव्हीई-२०१४-०२२४, मधे बसलेल्याला कनेक्शन एन्क्रिप्शनच्या कमकुवत कीवर (किल्लीवर) आणता येईल अशी. आणि ती १.०.१जी ला लागू होती, फिक्स १.०.१एच मध्ये. आम्ही सगळीकडे यम (सेंटओएसवर पॅकेज आणणारं टूल) अपडेट केलं, रीस्टार्ट केलं, शीटमध्ये टिक मारली. तीनेक आठवड्यांनी मी त्याच मशीनवर दुसरंच काहीतरी बघत होतो, सहज अपाचेवर एलडीडी (प्रोग्राम कुठल्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी कमांड) चालवलं, आणि लिबएसएसएल या ओपनएसएसएलच्या फाइलच्या ओळीसमोर सिस्टिमच्या यूएसआर-लिब६४ च्या जागी यूएसआर-लोकल-एसएसएल. सिस्टिमची लायब्ररी पॅच होऊन नुसती पडून होती, तिला कुणी हातच लावत नव्हतं, आणि बाहेरचं सगळं ट्रॅफिक एप्रिलमध्ये कंपाइल केलेल्या कॉपीवरून चाललं होतं, जिच्यासाठी यम कधीच काही आणणार नव्हतं. तो मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता. त्या तीन आठवड्यांत काय झालं असेल नसेल हे विचारणाऱ्या क्लायंटला मी देऊ शकेन असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ती मीटिंग मला अजून आठवते.

तेव्हापासून माझी सवय अशी. आरपीएमवाल्या (सेंटओएस, रेड हॅट) मशीनवर पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) काढायचा आणि त्यात सीव्हीईचा नंबर ग्रेप करायचा, म्हणजे शोधायचा, सापडला तर पॅच लागलाय, विषय संपला. डेबियनवर त्यांचा सिक्युरिटी ट्रॅकर बघायचा, तिथे प्रत्येक रिलीजसमोर कुठल्या पॅकेजमध्ये फिक्स आहे ते लिहिलेलं असतं. ऑडिटरला हेच पाठवायचं. आणि माझ्या शीटमध्ये सर्व्हरच्या नावासमोर ओपनएसएसएलचं व्हर्जन नसतं, प्रत्येक सर्व्हिससमोर ती कुठल्या पाथवरची लायब्ररी वापरते आणि ती लायब्ररी अपडेट कोण करतं हे असतं. सोर्समधून टाकायचंच असेल तर माणसाचं नाव लिहायचं, नाव नसेल तर मी टाकू देत नाही. स्कॅनर हिरवा करणं म्हणजे पॅच करणं नाही, हे नव्या पोरांना पटायला वेळ लागतो.

दुसरी चूक, अपडेट मारलं म्हणजे झालं असं समजणं. डिस्कवरची फाइल बदलते, पण चालू असलेल्या प्रोसेसने जुनी लायब्ररी मेमरीत धरून ठेवलेली असते आणि रीस्टार्ट होईपर्यंत ती सोडत नाही. एलसॉफ (कुठल्या प्रोसेसने कुठली फाइल धरलीय ते दाखवणारी कमांड) चालवा आणि डीईएल (फाइल डिस्कवरून गेल्याची खूण) ग्रेप करा, लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टोसमोर ज्या प्रोसेस दिसतील त्या सगळ्या अजून जुन्याच कोडवर आहेत. लोक वेब सर्व्हर रीस्टार्ट करतात आणि पोस्टफिक्स, डोव्हकॉट, ओपनव्हीपीएन, डेटाबेस तसेच ठेवतात. डेबियनवर नीडरीस्टार्ट हे कशाला रीस्टार्ट हवा ते सांगणारं टूल आहे, तो वापरा, पण तो विचारतो तेव्हा एंटर एंटर करत पुढे जाऊ नका.

यातच येणारी गोष्ट म्हणजे एन्क्रिप्शनची की (किल्ली) बदलणं. हार्टब्लीडच्या वेळी कित्येकांनी नवं सर्टिफिकेट घेतलं ते जुन्याच प्रायव्हेट कीवर, म्हणजे की गेली असेल तर गेलेलीच राहिली. २००८ सालचं डेबियन प्रकरण तर याहून वाईट, सीव्हीई-२००८-०१६६, तिथे की बनवताना लागणाऱ्या रँडम नंबरमध्ये फरक पाडणारी गोष्ट फक्त प्रोसेस आयडी उरली होती, म्हणजे एका प्रकारच्या आणि साइझच्या कीसाठी शक्यता जेमतेम ३२,७६८. पॅकेज पॅच केल्याने आधी बनवलेली एकही की मजबूत होत नव्हती, आणि ती की डेबियनवरूनच बनलेल्या उबंटूवरून कॉपी होऊन दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनवर बसली असेल तर त्या मशीनच्या अपडेटमध्ये काही दिसणारही नव्हतं. म्हणून माझ्या शीटमध्ये "की बदलायची का" असा वेगळा कॉलम आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

फक्त सीव्हीएसएस स्कोअर (त्रुटी किती गंभीर याचा १० पैकी आकडा) बघून रांग लावू नका. हार्टब्लीडला त्या वेळच्या सीव्हीएसएस व्हर्जन २ मध्ये ५.० मिळाले होते, म्हणजे मीडियम. ओपनएसएसएलवाले स्वतः लो, मॉडरेट, हाय, क्रिटिकल असं लावतात, ते वाचा आणि मग आपल्याकडे तो कोड चालतो का ते बघा.

घाबरून अपग्रेड करू नका. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर आगाऊ सूचना आली की १ नोव्हेंबरला ३.०.७ येतंय आणि इश्यू क्रिटिकल आहे, तो आठवडा सगळे फोनवर होते. शेवटी तो हाय निघाला आणि लागू फक्त ३.०.० ते ३.०.६ ला. १.१.१ वाल्यांना यासाठी काहीही करायचं नव्हतं.

लो सिव्हिरिटीचा फिक्स बऱ्याचदा आधी फक्त गिटमध्ये (सोर्स कोडच्या साठ्यात) जातो, रिलीज नंतर येतं, त्यामुळे "नवं व्हर्जन नाही म्हणजे इश्यू नाही" असं नसतं.

व्हर्जनची तुलना करणारी स्क्रिप्ट लिहिताना स्ट्रिंग म्हणून तुलना करू नका, ३.०.१० हे ३.०.९ च्या आधी जाऊन बसतं.

१.१.१ चा फुकट सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. रेड हॅट ८ वर १.१.१के दिसलं तर घाबरू नका, तिथे पॅच रेड हॅट देतं. पण तेच १.१.१ कुणी हाताने टाकलेलं असेल तर त्याला वाली कुणी नाही.

आणि होस्टवरचं पॅकेज म्हणजे सगळं नाही. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा स्वतःची ओपनएसएसएल पोटात घेऊन येतो, प्रोसेस डॉट व्हर्जन्स प्रिंट करा म्हणजे दिसेल. पायथनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजचं तयार व्हील (आधीच बिल्ड केलेली फाइल) घेतलंत तर त्यातही वेगळी कॉपी असते. डॉकर इमेज (ॲप आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेली, जिच्यातून कंटेनर चालतो) तर ज्या दिवशी बिल्ड झाली त्या दिवसावर थांबलेली असते, होस्टवर कितीही अपडेट मारा, आत काही बदलत नाही, बेस इमेज नव्याने ओढून बिल्डच करावी लागते, आणि तेही कॅशे न वापरता, नाहीतर अपडेटची ओळ जुन्याच लेयरवरून उचलली जाते आणि तुम्हाला वाटतं झालं. मी बिल्ड झाल्यावर कंटेनरच्या आत शिरून पॅकेजचं पूर्ण नाव शेपटीसकट वाचतो आणि शीटमध्ये तेच जसंच्या तसं उतरवतो.