लांबलचक यादीतून अनेक नावं निवडण्याचा फॉर्म कसा बनवावा

नोकरीच्या अर्जात एक प्रश्न होता: 'कोणकोणत्या तालुक्यांत काम करायला तयार आहात?' फॉर्म मीच बनवला होता आणि एक नर्सताई तो भरत असताना शेजारी बसलो होतो. यादीची चौकट लहान, एका वेळी चारच नावं दिसायची. कंट्रोल कळ दाबून धरत ताईंनी कणकवली, कुडाळ, देवगड निवडले. मालवणवर क्लिक करताना कळीवरचं बोट सुटलं आणि आधीचे तिन्ही पुसले गेले. ती नावं तोवर वर सरकली होती, त्यामुळे त्यांना पत्ताच लागला नाही. अर्ज गेला तो एकट्या मालवणचा.

एचटीएमएलमधला 'सिलेक्ट मल्टिपल', म्हणजे एकाहून जास्त पर्याय निवडू देणारी यादीची चौकट, संगणकावर असाच वागतो. लांब यादीसाठी तो वापरू नका.

पहिलं काम यादी मोजण्याचं. दहा-बारा पर्याय असतील तर सगळे चेकबॉक्स उघडे मांडा, विषय संपला. महाराष्ट्राचे ३६ जिल्हेसुद्धा ६ महसुली विभागांखाली मांडले तर सहज चाळता येतात. ३५८ तालुक्यांचं तसं होत नाही. तिथे आधी जिल्हे विचारा आणि निवडलेल्या जिल्ह्यांचेच तालुके दाखवा. रत्नागिरीचे ९ आणि सिंधुदुर्गाचे ८ मिळून १७च नावं उरतात.

दुसरं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: निवडलेलं कायम नजरेसमोर ठेवा. यादीच्या वर एक पट्टी करा, तिच्यात 'निवडलेले तालुके: ४' असा आकडा आणि प्रत्येक नावाशेजारी फुली. फुली दाबली की यादीतली खूणही जायला हवी. पट्टीसाठी जागा आधीच राखा, नाहीतर नावं वाढतील तशी यादी खाली ढकलली जाते आणि पुढची खूण भलत्याच नावावर पडते. खूण केलेलं नाव लगेच उचलून यादीच्या डोक्यावर नेऊ नका, तेही याच कारणासाठी.

मग शोधाची चौकट. इथे मराठी फॉर्म हमखास अडखळतात. कुणी 'वेंगुर्ला' लिहितं, कुणी 'वेंगुर्ले'. कुणी 'शिरूर', कुणी 'शिरुर'. बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात. या सगळ्यांना नाव सापडलं पाहिजे. 'उस्मानाबाद' लिहिणाऱ्याला धाराशिव आणि 'अहमदनगर' लिहिणाऱ्याला अहिल्यानगर दिसू द्या. त्यासाठी प्रत्येक नावामागे पर्यायी रूपांची छोटी यादी साठवा. शोधाचा शब्द बदलला तरी आधीच्या खुणा टिकल्याच पाहिजेत.

तालुक्यासोबत जिल्हा लिहा. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही. खेड पुण्यातही आणि रत्नागिरीतही. नुसत्या 'खेड'वर खूण करणाऱ्याची नेमणूक कुठे होणार?

क्रम मराठी वर्णमालेचा हवा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो क्रमांक देतो त्या पद्धतीत, 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, म्हणून साध्या क्रमवारीत कळंब आधी आणि कवठे महांकाळ नंतर पडतं. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर, तेव्हा क्रम उलटा हवा. जावास्क्रिप्टमधल्या कोलेटरला, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणाऱ्या सोयीला, मराठी भाषा सांगितली की हे जमतं.

'सगळे निवडा' हे बटण द्यायचं तर त्यावर नेमकं लिहा: 'सिंधुदुर्गातले ८ तालुके निवडा'. शोध चालू असताना नुसतं 'सगळे' म्हटलं तर दिसणारे की यादीतले सगळे, हे कळत नाही.

मोबाइलवर नावाला बोट लागलं तरी खूण व्हावी, म्हणून नाव चेकबॉक्सच्या लेबलमध्येच (एचटीएमएलचा label टॅग) ठेवा. २०२३च्या वेब सुलभता निकषांत दाबायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत. मी ओळीची उंची ४४च्या खाली नेत नाही. चेकबॉक्सचा गट फील्डसेटमध्ये (गट बांधणारा fieldset टॅग) घालून प्रश्न लेजंडमध्ये (त्या गटाचं शीर्षक, legend टॅग) लिहा, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला आपण कशावर खूण करतोय ते ऐकू येतं.

दुसऱ्याच रकान्यात चूक निघून फॉर्म परत आला, तर केलेल्या खुणा जशाच्या तशा दिसायला हव्यात.

शेवटी फॉर्म कधीही न पाहिलेल्या माणसाला बसवा. चिठ्ठीवर सहा तालुके लिहून द्या, त्यातलं एक खेड असू द्या. सहाही निवडून झाले की त्यातला एक काढायला सांगा आणि आपण गप्प बसून बघा.