मच्छीमार संस्थेच्या सभेत कोळणींचे म्हणणे कसे नोंदवून घ्यावे

होडी समुद्रातून माल आणते, पण त्याचे पैसे होतात ते पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या आणि वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडणीवर, बोंबील सुकवणाऱ्या बाईच्या कष्टाने. तरीही संस्थेच्या सभासद नोंदवहीत बहुधा होडीमालक पुरुषाचेच नाव असते. म्हणून सुरुवात नोंदवहीपासून करावी. उपविधींतील, म्हणजे संस्थेच्या नियमावलीतील, सभासदत्वाच्या अटी वाचून, विक्री व सुकवणी करणाऱ्या स्त्रियांचे अर्ज लेखी द्यावेत आणि त्यांची पोच घ्यावी. ही पोच फार महत्त्वाची आहे, कारण तोंडी विनंती पुढच्या सभेपर्यंत कोणालाही आठवत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३-क नुसार संस्थेच्या व्यवस्थापन समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या जागांवर पदाधिकाऱ्यांच्या घरातील नावे केवळ कागदोपत्री लावली जाऊ नयेत, यासाठी बाजारात बसणाऱ्या स्त्रियांनी आपली उमेदवार आधीच एकत्र बसून ठरवावी.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तयारीसाठी हाच काळ घ्यावा. मात्र या दिवसांतही सुक्या मासळीची विक्री चालूच असल्याने बैठक बाजार उठल्यानंतर ठेवावी. बर्फ, शौचालय, पाणी, मालाची चढ-उतार आणि सुकवणीची जागा यांवरील मागण्या ठरावाच्या भाषेत लिहून द्याव्यात, आणि इतिवृत्तात सूचक म्हणून त्या स्त्रीचेच नाव आले आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे.