पावसात गिटारची अ‍ॅक्शन वर गेली तर सॅडल घासायची घाई करू नका

दरवर्षी हेच बघतोय. एप्रिल-मेच्या सुट्टीत पोरं हौसेनं गिटार घेतात, जूनभर जी, सी, डी कॉर्ड करत बसतात आणि आषाढ लागला की बोटं लई दुखायला लागली म्हणून गिटार कपाटावर जाते ती परत खाली येतच नाही. घरचे म्हणतात याला नादच नाही, आणि त्या पोरालाही तसंच वाटायला लागतं. खरं तर निम्म्या वेळा पोराचं काहीच चुकलेलं नसतं, आपल्याकडच्या पावसात गिटारच बदललेली असते आणि हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून एवढं सगळं लिहायला बसलोय.

परवा आमच्या गल्लीतली आठवीतली एक मुलगी गिटार घेऊन आली. "दादा, एफ राहू दे, साधा सी पण वाजेना झालाय, बोटं बघा की." बोटांच्या टोकांवर तारांच्या लाल रेघा उठलेल्या. मी गिटार वाजवायच्या पोझिशनमध्ये धरली, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, मापाची स्टीलची पट्टी उभी टेकवली आणि सगळ्यात जाड तारेच्या खालचं अंतर, यालाच अ‍ॅक्शन म्हणतात, बघितलं तर साडेतीन मिलिमीटर. हीच गिटार मे महिन्यात घेतली तेव्हा मीच मापलेली, अडीचच्या आत होती. गिटार ठेवतेस कुठं विचारलं तर म्हणाली मधल्या खोलीत. मधली खोली म्हणजे पावसाळ्यात जिथं दोरीवर अख्ख्या घराचे ओले कपडे वाळत असतात आणि वर पंखा फिरत असतो ती. गिटार त्या दोरीखालच्या भिंतीला टेकून उभी, दोन महिने.

आता नेमकं होतं काय ते बघा. पावसात जुन्या घरातलं दार फुगून चौकटीत अडकतं ना, अगदी तेच गिटारचं होतं. लाकूड हवेतली ओल पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत त्याला फारसा फरक पडत नाही. गिटारचा पुढचा पाट, ज्याला आपण टॉप म्हणतो, तो जेमतेम तीनेक मिलिमीटर जाडीचा, कडेनं चिकटवलेला, त्यामुळं त्याला फुगायला जागा वरच्याच बाजूला मिळते. टॉपला पोट सुटतं, त्यावरचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, उचलला जातो, ब्रिजबरोबर सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती हाडाची बारीक पट्टी, आणि सॅडलबरोबर तारा. अ‍ॅकॉस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली असं बहुतेक सगळे कारागीर आणि कंपन्या सांगतात, आणि माझ्या खोलीतला मीटर जुलैत ८० च्या खाली यायचं नाव घेत नाही, खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबीकडं राहणाऱ्यांचं तर विचारूच नका. प्लायवूडच्या टॉपची स्वस्त गिटार सॉलिड, म्हणजे एकसंध लाकडाच्या टॉपपेक्षा कमी हलते पण मान सगळ्यांचीच हलते. आपली कुठली आहे बघायचं असेल तर साउंडहोलच्या कडेला बॅटरी मारून बघा, वरच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड, आडवे थर दिसले तर प्लाय.

मग काय करायचं. पहिली गोष्ट, सॅडलला हात लावायचा नाही. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः ही चूक केलीय. पहिल्या गिटारच्या वेळी असंच जुलैत तारा वर गेल्या म्हणून मी एका दुकानात दाखवली, त्यांनी पाच मिनिटांत सॅडल काढून घासून दिलं आणि मी खूश होऊन घरी आलो, काय मस्त वाजायला लागली होती. जानेवारीत कोरडी हवा सुटली, टॉप परत खाली बसला आणि पहिल्या पाच फ्रेटवर प्रत्येक तार झिंग झिंग करायला लागली. घासलेलं हाड परत वाढत नाही, नवीन सॅडल बसवावं लागलं. तेव्हापासून मी सॅडलला शेवटचा उपाय धरतो आणि तोही पावसाळ्यात कधीच नाही.

तर क्रम असा ठेवा. आधी माप घ्या आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ ते अडीच मिमी आणि बारीक तारेखाली दीड ते पावणेदोन-दोन मिमी असलं तर अ‍ॅकॉस्टिकला झकास. हे माप ट्यून केलेल्या गिटारवरच घ्यायचं, तारा ढिल्या असताना घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही.

मग जागा बदला. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत नको, बाथरूमला लागून असलेली भिंत नको, कपड्यांच्या दोरीची खोली तर मुळीच नको. ज्या खोलीत भात शिजतोय त्या खोलीतही नको. घरातली मधली, कोरडी, उघडझाप होणारी खोली बघा आणि शक्य असेल तर गिटार केसमध्ये ठेवा, हार्ड केस असेल तर उत्तमच, कारण केसमधली थोडीशी हवा कोरडी ठेवणं सोपं असतं, अख्खी खोली कोरडी ठेवणं अवघड. तीन-चारशे रुपयांपर्यंत छोटा डिजिटल मीटर मिळतो, तो केसमध्ये हेडस्टॉकजवळ, म्हणजे किल्ल्या असतात त्या टोकाजवळ, ठेवून द्या. अंदाजानं काम करू नका, मीटर घ्याच.

केसमध्ये सिलिका जेल, शंभरेक ग्रॅम, सुती कापडाच्या पुरचुंडीत. तांदळाची पुरचुंडी ठेवणारे खूप बघितलेत मी, पण तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि वरून त्यात किडे होतात. सिलिका घेताना केशरी दाण्यांचं घ्या, ओल भरली की ते हिरवट किंवा फिकट पडतात, मग स्वयंपाकात कधीच न वापरायच्या जुन्या कढईत मंद आचेवर परत केशरी होईपर्यंत हलवत तापवायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच पुरचुंडीत भरायचे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, ते विषारी आहे, लहान पोरं असलेल्या घरात ते आणूच नका.

आणि आता थांबायचं. आठ-दहा दिवस. लाकडानं जी ओल महिनाभर प्यायलीय ती एका रात्रीत सुटत नाही आणि सोडवायचीही नसते. हेअर ड्रायर मारणे, चुलीच्या किंवा बंबाच्या कडेला ठेवणे, उघडीप मिळाली की उन्हात टाकणे, हे सगळं बघितलंय मी आणि यातलं काहीही करू नका, एक तर लाकूड एका बाजूनं आक्रसून तडकतं, दुसरं म्हणजे गिटारमधला डिंक गरमीनं मऊ पडतो आणि ब्रिज मागच्या बाजूनं उचलायला लागतो. ब्रिजचं तेवढं आत्ताच तपासून घ्या, वहीचा साधा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा, आत जात असेल तर लगेच तारा ढिल्या करा आणि कारागीर गाठा, ते घरी करायचं काम नाही.

दहा दिवसांनी परत माप घ्या. बऱ्याचदा इथंच काम होतं. नाही झालं तर मानेकडं बघायचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, मान जिथं बॉडीला जोडते त्या फ्रेटवर, बहुतेक गिटारना चौदाव्या, जाड तार दाबून धरा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट राहते बघा. साधारण व्हिजिटिंग कार्ड आत जाईल न जाईल एवढी फट ठीक. दोन कार्डं आरामात जात असतील तर मान पुढं वाकलीय, ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, थोडा आवळावा लागणार. चावी गिटारबरोबर आलेली असते, हरवली असेल तर बरोबर मापाची अ‍ॅलन की आणा, चार किंवा पाच मिमीची लागते बऱ्याचदा, पण ढिली बसणारी चावी घालून जोर लावलात तर आतलं डोकं गोल होतं आणि मग खर्च मोठा. चावीच्या बाजूनं बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की रॉड आवळतो आणि मान सरळ होते. एकदम पाव फेऱ्याच्या वर नाही. पाव फेरा, परत ट्यूनिंग, एक दिवस थांबा, मग बघा. चावी फिरेचना तर सोडून द्या, जोर करू नका. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारना बहुतेक वेळा हा रॉडच नसतो, शोधत बसू नका.

सॅडलची वेळ आली तरी ती पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर हवा स्थिर झाली की. तेव्हाही हिशोब डोक्यात ठेवा, बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी करायचा असेल तर सॅडलचा खालून एक मिमी जातो, म्हणजे दुप्पट. थोडं घासा, लावून बघा, परत थोडं.

तारांचं वेगळं सांगायला पाहिजे. पावसाळ्यात घाम आणि दमट हवा मिळून बारीक दोन तारांवर गंज धरतो, बोट सरकवलं की खरखर लागते आणि बोटाला काळं येतं. वाजवायच्या आधी हात धुवा, वाजवून झालं की कोरड्या सुती कापडानं एकेक तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसा, तारेची खालची बाजू पण, तिथंच जास्त घाण बसते. एवढ्यानंच तारा दुप्पट टिकतात असा माझा अनुभव. नवशिक्यांनी १२ च्या ऐवजी १० चा, म्हणजे बारीक तारांचा सेट घालून बघावा, आवाज जरा पातळ होतो पण बोटं वाचतात आणि टॉपवरचा ताणही कमी होतो, मी त्या मुलीला तेच घालून दिलं.

तार बदलताना ब्रिज पिनचं, म्हणजे तार ब्रिजच्या भोकात अडकवणाऱ्या छोट्या खुंटीचं, नीट समजून घ्या, सगळ्यांचं तिथंच अडतं. तारेच्या टोकाचा गोळा भोकात सोडायचा, पिनची खाच साउंडहोलकडं ठेवून पिन हलकीच बसवायची आणि मग अंगठा पिनवर ठेवून तार वर ओढायची. आत गोळा सरकून लाकडाला टेकला की टक असा बारीक आवाज येतो आणि बोटाला तो कळतो पण. मगच पिन दाबा. गोळा पिनच्या टोकाखालीच अडकून राहिला तर अर्ध्या ट्यूनिंगला पिन उडून येते, तोंड जवळ नेऊ नका. वरच्या किल्लीवर जाड तारेचे दोन-तीन आणि बारीक तारेचे तीन-चार वेढे पुरे, वेढे वरून खाली उतरत जायला पाहिजेत. तारा सगळ्या एकदम काढल्या तरी गिटारला काही होत नाही, मात्र तेवढ्या वेळात फ्रेटबोर्ड पुसून घ्या.

फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावणारे आहेत आपल्यात, हात जोडून सांगतो, नको. ते खवट होतं, चिकट होतं आणि पावसात त्यावर बुरशी धरते. वर्षातून एक-दोनदा फ्रेटबोर्डचं तेल, कापडाला दोन थेंब, पुसून लगेच कोरडं करायचं, तेही काळ्या-तपकिरी उघड्या लाकडाला, वार्निश केलेल्या पिवळ्या मेपलला तेल लागत नाही. हे तपकिरी लाकूड चांगल्या गिटारमध्ये पुष्कळदा शिसवी असतं, आणि ती शिसव आपल्या सह्याद्रीच्या जंगलातच वाढते. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं १९६९ साली ब्राझीलची शिसव मिळेना म्हणून भारतीय शिसवीकडं मोर्चा वळवला आणि पुढं जगभर तिचं नाव झालं. मला हे वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, आज्जीच्या घरातल्या पलंगाचं आणि गिटारचं लाकूड एकच. तिकडं मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी भोपळे आणि लाकूड नीट वाळवून घेतल्याशिवाय कामाला घेत नाहीत, त्या वाद्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तिथल्या एखाद्या कारखान्यात जाऊन बसा कधी, ओल म्हणजे काय प्रकरण आहे ते हातानं कळतं.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, कोरड्या कापडानं पुसा, गिग बॅग, म्हणजे गिटारची कापडी पिशवी, वेगळी नीट वाळवा, बहुतेक वेळा बुरशी बॅगेतूनच येते. चोर्ला घाटातून गाडीवर गोव्याला गिटार नेणाऱ्यांनी गिग बॅगच्या भरवशावर राहू नये, चेनमधून पाणी आत शिरतंच, आधी गिटार मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत, वर रेनकव्हर, आणि पोचल्यावर प्लास्टिक लगेच काढायचं.

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी एकच पण जिवाची गोष्ट. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वाजवायचं असेल तर अर्थिंग आधी तपासून घ्या. अ‍ॅम्पमधून ५० हर्ट्झची गुणगुण येणं आणि तारांना हात लावला की ती कमी होणं हे नेहमीचं आहे, पण तारेला हात किंवा माईकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर तिथंच थांबा, मंडपवाल्याला बोलवा आणि थ्री-पिनची अर्थ जोडलेली असल्याशिवाय परत प्लग लावू नका. पायाखाली ओलं स्टेज आणि अंगावर भिजलेला कुर्ता असताना गाणं अर्ध्यावर सोडायला लाजू नका.

डिसेंबरपासून सगळं उलटं होतं. हवा कोरडी पडते, सिलिकाच्या पुरचुंड्या केसमधून काढून डब्यात घट्ट बंद करून ठेवा, विसरलात तर त्याच गिटारला तडे पाडतील. मानेच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं टोचायला लागली आणि मीटर ४० च्या खाली गेला तर साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, थेंब गळता कामा नये.

त्या मुलीची गिटार बारा दिवसांनी परत मापली, पावणेतीन निघाली. ट्रस रॉड पाव फेरा आवळला, दुसऱ्या दिवशी अडीचच्या जरासं वर. सॅडलला हात लावला नाही. तिनं तिथंच पायरीवर बसून सी धरला, मग जी, मग परत सी, आणि विचारलं, "एफ आत्ताच बघू काय?" म्हटलं बघ की.