रातच्या ओलितात गेम कसा खेळावा

हरभऱ्याला रातची लाइन असली की मोटर सुरू करून वावरातच बसावं लागते. चाळिशीतल्या माणसानं अशा वेळी गेम निवडताना दोन गोष्टी पाहाव्या: बिनइंटरनेटचा चालला पाहिजे, अन् कुठंही थांबवता आला पाहिजे. दांड फुटला की फोन खिशात अन् फावडं हातात!

मी 'स्टारड्यू व्हॅली' खेळतो. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं बनवलेला, २०१६ साली आलेला शेतीचाच गेम. दिवसभर वावर अन् रातीही वावरच का, असं बायको विचारते. अवो, तिथं भाव पडत नाही! बी टाका, रोज पाणी द्या, पार्सनिप (गाजरासारखा पांढरा कंद) चार दिवसांत काढणीला येते. ऋतू मात्र २८ दिवसांचा. तो सरला की बहुतेक उभं पीक वाळते, म्हणून शेवटच्या आठवड्यात हिशेब करूनच पेरा.

गेममधला दिवस साधारण १४ मिनिटांचा. एक दिवस झाला की उठून बारं पाहून या. ब्राइटनेस कमी ठेवा. हेडफोन एकाच कानात, दुसरा रानडुकरांसाठी मोकळा. गेममधलं मासे धरायचं सुरुवातीला सोडून द्या. थंडीत बोटं वळत नाहीत.