मंडळीला झूमवर आणायचंय? रविवारपासून नको, बुधवारपासून सुरू करा

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची सगळी माणसं, नगर जिल्ह्यातली, छोटीच आहे, पण निम्मी घरं आता पुण्या-मुंबईला गेलीत, दोन-तीन दुबईत आहेत आणि गावात राहिलेत ते बहुतेक आजी-आजोबा. २०२० मध्ये इस्टर १२ एप्रिलला आला तेव्हा चर्चला कुलूप होतं, पाळकसाहेब घरात बसून संदेश, म्हणजे प्रवचन, रेकॉर्ड करायचे आणि व्हॉट्सॲपवर टाकायचे, आम्ही ऐकायचो. मग चर्च उघडलं आणि ते सगळं बंद पडलं. पण ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांच्यासाठी चर्च कुठे उघडलं होतं? त्यांच्यासाठीच आम्ही झूम घेतलं, आणि जे शिकलो ते सांगते, कारण पहिल्यांदा आम्ही चुकलोच.

चूक काय, तर शनिवारी रात्री ग्रुपवर लिंक टाकली आणि रविवारी सकाळी सगळे येतील असं धरून बसलो. आली ती फक्त तरुण संघातली पोरं. ज्यांच्यासाठी केलं त्यातलं एकही घर नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे मोबाईल हातात घेऊन घरोघरी जायचं. तरुण संघातल्या प्रत्येकाने तीन-चार घरं वाटून घ्यायची, जाऊन ॲप टाकून द्यायचं, स्वतःच्या फोनवरून मीटिंग चालू करायची आणि आजींना त्यांच्याच फोनवरून आत यायला लावायचं, आपण बटण दाबून द्यायचं नाही, त्यांच्याच बोटाने दाबू द्यायचं, एकदा नाही तीन-तीनदा. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते आवाजावर. माणूस आत येतो, सगळ्यांचे चेहरे दिसतात पण ऐकूच येत नाही, कारण आत आल्यावर ऑडिओ जोडायचं एक बटण येतं ते दाबायचं राहून जातं. झूमच्या सेटिंगमध्ये ऑटो-कनेक्ट टू ऑडिओ म्हणून आहे, ते घरी गेलात तेव्हाच चालू करून या, अर्धी डोकेदुखी तिथेच संपते. आणि नावही तेव्हाच मराठीत टाकून द्या, नाहीतर वेटिंग रूममध्ये, म्हणजे आपण आत घेईपर्यंत लोक थांबतात तिथे, फोनच्या मॉडेलचं नाव दिसतं आणि आत घ्यायचं कोणाला ते कळत नाही.

दुसरं म्हणजे रविवारची उपासना लगेच ऑनलाइन नेऊ नका, बुधवारच्या प्रार्थना सभेपासून सुरू करा. झूमच्या फुकट अकाउंटवर ४० मिनिटांनी मीटिंग बंद होते, तेवढ्यात एक गीत, एक स्तोत्र, प्रार्थनेचे विषय आणि प्रार्थना आरामात बसते. लोक कमी असतात, चुकलं तरी कोणाला लाजल्यासारखं होत नाही. आम्ही चार बुधवार फक्त एवढंच केलं. मग रविवारसाठी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीला सांगून एकच पैसे भरायचं अकाउंट घेतलं, आत येणाऱ्यांना काही भरावं लागत नाही, पैसे फक्त ज्याच्या नावाने मीटिंग आहे त्याचे. साध्या प्लॅनमध्ये १०० जण येतात, आणि हे १०० म्हणजे १०० फोन, एका फोनपुढे पाच जणांचं कुटुंब बसलं तरी एकच धरतात, त्यामुळे आमच्यासारख्या मंडळीला भरपूर झालं.

लिंक दर आठवड्याला बदलू नका. रिकरिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा होणारी, मीटिंग ठेवली की तीच लिंक कायम चालते, ती ग्रुपच्या वर पिन करून ठेवा, नाहीतर सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली जाते आणि मग नऊ पंचविसाला दहा जणांचे फोन येतात की लिंक कुठे आहे. वेळही चर्चचीच ठेवा. आमची उपासना साडेनऊला असते, दुबईत तेव्हा आठ वाजलेले असतात, त्यांना लवकर उठावं लागतं पण ते येतात.

आता गाण्याचं. हे नीट वाचा, कारण मन इथेच मोडतं. झूमवर सगळ्यांनी एकत्र गायचं म्हटलं तर जमत नाही, प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो आणि नुसता गोंधळ होतो, प्रभूच्या प्रार्थनेचंही तेच. मग एका घराने पेटी घेऊन गायचं आणि बाकी सगळ्यांनी म्यूटवर राहून आपल्या घरात मोठ्याने गायचं. उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातला गीत क्रमांक शनिवारीच सांगा आणि पानाचा फोटो मोठा करून स्क्रीनवर दाखवा, चष्मा लावूनही पुस्तकातलं बारीक दिसत नाही अशी माणसं आहेत, ती आता गातात. अजून एक, झूमला पेटीचा सूर म्हणजे आजूबाजूचा आवाज वाटतो आणि ते तो कापून टाकतं, म्हणून पेटी वाजवणाऱ्याच्या फोनवर झूममधलं ओरिजिनल साउंड हे सेटिंग चालू करायचं. आम्हाला हे कळायला दोन महिने गेले, तोपर्यंत सगळे पेटीवाल्या काकांनाच म्हणत होते की काका पेटी दुरुस्त करून घ्या.

चर्चमधूनच दाखवणार असाल तर फोन स्टँडवर लावून पुलपिटच्या, म्हणजे पाळकसाहेब उभं राहून बोलतात त्या जागेच्या, जवळ ठेवा, मागच्या बाकावर नको, घुमणारा आवाज घरी बसलेल्याला अजिबात कळत नाही. एका खोलीत दोन फोन आवाज चालू ठेवून जोडले तर शिट्टी वाजते, एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा. आणि लाइट जाणारच हे धरून चाला, म्हणून गावाबाहेरच्या कोणाला तरी को-होस्ट, म्हणजे मीटिंग चालवायला जोडीदार, करून ठेवा, आपलं नेट गेलं तरी मीटिंग चालू राहते. ज्यांचा रोजचा डेटा दीड जीबीचा आहे त्यांना सांगा की व्हिडिओ बंद ठेवा, आवाजाला फार कमी लागतो.

वेटिंग रूम चालू ठेवा आणि लिंक फेसबुकवर टाकू नका, मंडळीच्या ग्रुपपुरतीच ठेवा. साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं) आणि प्रार्थनेचे विषय चालू असताना रेकॉर्डिंग करायचं नाही, हे आम्ही कमिटीत ठरवूनच घेतलं. कोणाच्या मुलीचं लग्न मोडलंय, कोणाला कॅन्सर निघालाय, ते प्रार्थनेसाठी सांगितलेलं असतं, गावभर फिरवायला नाही. हवा तर फक्त संदेश रेकॉर्ड करा.

दानासाठी मंडळीच्या बँक खात्याचाच क्यूआर वापरा, खजिनदाराचा स्वतःचा नको, तो माणूस कितीही चांगला असला तरी. आणि म्हाताऱ्या माणसांना हे पुन्हा पुन्हा सांगा की पिन टाकायचा तो पैसे द्यायला, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, ऑनलाइन घ्यायचं की नाही हे पाळकसाहेबांवर सोडा, पोरांनी त्यात पडू नये. आमच्याकडे ते चर्चमध्येच होतं आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी पाळकसाहेब मंडळीतल्या एका वडिलांना, म्हणजे एल्डरला, घेऊन जातात. ते बरंच आहे, सगळंच फोनवर यायला पाहिजे असं मला वाटत नाही.

आशीर्वाद झाला की लगेच मीटिंग बंद करू नका. दहा मिनिटं सगळ्यांना अनम्यूट करा. कोणाचंच नीट ऐकू येत नाही, सगळे एकदम सलाम सलाम करतात, कोणाचा कुकर वाजतो, दुबईचा नातू आजीला म्हणतो आजी कॅमेरा खाली कर फक्त कपाळ दिसतंय. आमच्याकडे लोक सगळ्यात जास्त याच दहा मिनिटांसाठी येतात.

आणि जी घरं आली नाहीत त्यांची नावं लिहून घ्या, त्याच दिवशी संध्याकाळी फोन करा. कोणाचा रिचार्ज संपलेला असतो, कोणी आजारी असतं. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे त्यांच्यासाठी शेजारचं घर ठरवून द्या, आमच्याकडे एका आजींना शेजारची सून दर रविवारी सव्वानऊला हाताला धरून आपल्या ओट्यावर आणून बसवते.